देवजीकाका आणि पुढच्या चाकातला आवाज

गाडीतला आवाज घेऊन येणारी गिऱ्हाइकं मला आवडत नाहीत. पंक्चरवाला माणूस सरळ असतो. गाडी ढकलत आणतो, घाम पुसतो, गप्प बसतो. आवाजवाला मात्र आल्या आल्या स्वतःच तोंडानं आवाज काढायला लागतो. कुणी घर्र करतं, कुणी टकटक. ऐरोलीहून उरणला फिरायला निघालेला एक साहेब तर माझ्यासमोर उभा राहून चक्क पारव्यासारखा घुमला. बरं, गाडी माझ्या दारात आली की शहाण्या बाळासारखी गप्प. मग साहेब खजील होऊन म्हणणार, "आत्ता येत होता हो!" आणि मोबाइलवर बघून आलेला असेल तर आजाराचं नावही तोच सांगणार. मी फक्त पाना हातात घेऊन उभा राहायचं.

माझं गॅरेज जासईत, नाक्यापासून जरा आत. मी मूळचा खटावकडचा, नाव कुलदीप. इथं आलो तेव्हा मला वाटलं होतं की समुद्र जवळ म्हणजे हवा चांगली असेल. हवा नाहीच, कंटेनरचे ट्रेलर आहेत आणि त्यांच्या चाकांनी उडवलेली धूळ आहे. पण माणसं लाभली. त्यातलंच एक माणूस देवजीकाका घरत.

काका अंगानं काटक, उंचीनं बेताचे. अर्धं आयुष्य भातशेती आणि मिठागरात गेलं. मग जमिनी गेल्या, तिथं कंटेनर यार्ड आलं आणि त्याच यार्डाच्या गेटवर काकांना नोकरी लागली. आपली खाचरं कुठं होती ते ते हात करून दाखवायचे. "त्या लाल डब्यांची थप्पी हाय ना, तिच्या खाली आमचा कोलम भात व्हायचा," असं सांगताना त्यांच्या बोलण्यात रडगाणं नसायचं. गावचं तळं दाखवावं तसं दाखवायचे. गेटवर डोळे मिटून बसले तरी येणारा ट्रेलर भरलेला आहे की रिकामा हे त्यांना आवाजावरून कळायचं. कुठल्या ट्रेलरचं मागचं चाक बसलंय तेही सांगायचे. ड्रायव्हर लोक आधी हसायचे आणि मग उतरून चाक बघायचे.

त्यांची बायको गोजराकाकी. ती खाडीकाठच्या गावची, बाप जाळी विणणारा. तिचे हात कधी रिकामे मी बघितले नाहीत. नवऱ्याचं मासे धरायचं पागाचं जाळं फाटलं की ती ओट्यावर बसून सांधायची, आणि दसरा आला की त्याच ओट्यावर झेंडूच्या राशीत बसून साऱ्या आळीच्या माळा ओवायची. तिची माळ तुटत नाही असा गावात लौकिक होता. माझ्या गॅरेजच्या शटरलाही दर वर्षी तिचीच माळ असे. जीभ तिखट, पण ताटात कालवण वाढताना हात सढळ. नवराबायकोची दिवसभर काहीतरी कुरबुर चालायची. हे म्हणायचे मीठ जास्त झालं, ती म्हणायची मिठागरात जन्म गेला तुमचा, तुमाला काय कलतं. एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नसे.

त्यांना दोन मुलं. थोरली सुचिता लग्न होऊन बेलापूरला गेलेली, आणि धाकटा हितेश. हितेश चांगला आडव्या अंगाचा, हसरा, एका गोदामात सुपरवायझर. त्यानं स्वतःच्या पगारातून मोटरसायकल घेतली तेव्हा पेढा द्यायला आधी माझ्याकडे आला होता. त्याच गाडीवरून येता येता नाक्याच्या अलीकडे, रस्त्यावर सांडलेल्या रेतीत त्याचं पुढचं चाक सरकलं. मागून ट्रेलर होता. त्याच्याबद्दल ह्याहून जास्त मला लिहवत नाही. गाडीला मात्र जेमतेम खरचटलं होतं, हँडल वाकलं आणि एक आरसा फुटला. माणूस जातो आणि लोखंड राहतं, ह्याचा मला त्या दिवशी फार राग आला होता.

पोलीस ठाण्याच्या आवारात काही महिने उभी राहून गाडी सुटली. आळीतले सगळे म्हणाले, विकून टाका, ती दारात नको. काकांनी कुणाचं ऐकलं नाही. हँडल सरळ करून घेतलं आणि तीच गाडी घेऊन ते कामावर जायला लागले. लोकांना ते विचित्र वाटलं. मलाही वाटलं.

मग कानावर यायला लागलं की काका गाडी घेऊन गॅरेजं पालथी घालतायत. उलव्याला गेले, उरणला गेले, पनवेलला गेले. सगळीकडे एकच तक्रार, पुढच्या चाकात आवाज येतोय. एकानं हँडलचा कोनसेट आवळून दिला, एकानं ब्रेकची वायर बदलली, एकानं मीटरच्या वायरला ग्रीस घातलं. आवाज होता तिथंच. पनवेलच्या मिस्त्रीनं तर चाक उचलून हातानं गरागरा फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "काका, काहीच नाय हो. तुमाला भास होतोय." आळीतही तेच बोलणं सुरू झालं, की मुलाच्या दुःखानं देवजीला भास होतात. ट्रेलरचं चाक कानानं ओळखणाऱ्या माणसाला लोक भास होतो म्हणत होते, आणि तोही मान खाली घालून ऐकून घेत होता.

मला रुसवा आला होता. गावात माझं गॅरेज असताना माणूस पनवेलपर्यंत जातो म्हणजे काय? श्रावणात एका दुपारी काका गाडी घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी पहिलं तेच बोललो. "आमचा पत्ता विसरला होता वाटतं, काका?"

ते गाडीवरून उतरले नाहीत. म्हणाले, "तुजे हितं यायची हिंमत व्हत नव्हती रं."

मी त्यांना आत बसवलं, चहा सांगितला. चहा निवला तरी त्यांनी घेतला नाही. मग हळूहळू बोलले. "त्या दिशी सकाली हितेश मना बोल्ला, बाबा, पुढच्या चाकात आवाज येतंय, कुलदीपच्या हितं दावून येतो. मी बोल्लो, आधी सुचिताला स्टेशनवरशी आन, ती पोरीला घेऊन उभी हाय, मंग जा." कप बाजूला सारला. "तो स्टेशनवर पोचलाच नाय."

दिवसकार्य झाल्यावर गोजराकाकीनं सगळ्या पाहुण्यांदेखत नवऱ्याला म्हटलं होतं, "तो गारी दावायला चाललेला. तुमी त्याला जाऊ दिला नाय." तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. जेवायला वाढायची आणि "ताट वाढलंय" असं दाराकडे बघून म्हणायची. औषधाची वेळ झाली तर सुचिताला फोन लावून तिला सांगायची, आणि सुचिता तिकडून बापाला फोन करायची. एकाच घरात, एकाच खोलीत.

"मना येकच सांग," काका म्हणाले. "ह्या आवाजानं पोऱ्या जेला का? आवाजाचा काय नसंल तं मी तिला सांगंन, बग गो, गारीत काय नव्हता. आन आसंल तं तसा सांगंन. पन भास हाय आसा नको सांगू."

असल्या प्रश्नाचं उत्तर पान्यानं निघत नाही. पण गाडी दारात होती आणि काका माझ्याकडे बघत होते.

मीही आधी चाक उचलून फिरवलं. आवाज नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक्सलपाशी टेकवलं, मूठ कानाला लावली. काही नाही. मग गाडी मी स्वतः काढली आणि काकांना म्हटलं, मागे बसा. मी अंगानं भरलेला माणूस, त्यात मागे काका. यार्डाच्या मागच्या रिकाम्या रस्त्याला लागलो आणि वेग धरल्यावर आला आवाज. बारीक, खोलातून येणारा, जात्यात मूठभर खडे पडल्यासारखा. काकांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला.

ब्रेक दाबला, आवाज बदलला नाही. म्हणजे ब्रेक नव्हे. मीटरची वायर सोडून टाकली, तरी तसाच. म्हणजे मीटर नव्हे. मग गाडी जराशी डावीकडे कलती केली आणि आवाज वाढला, उजवीकडे केली आणि कमी झाला. डाव्या बाजूचं बेअरिंग. चाकावर माणसाचा भार आला की ते बोलायचं आणि स्टँडवर भार गेला की गप्प. काकांचं वजन कमी म्हणून त्यांना ते बारीक ऐकू यायचं. हितेशला चांगलं मोठ्यानं ऐकू येत असणार.

"भास नाही काका," मी म्हणालो. "आहे आवाज."

त्यांनी डोळे मिटले. एवढं एक वाक्य ऐकायला हा माणूस अर्धा पावसाळा वणवण फिरला होता.

गॅरेजवर येऊन एक्सल काढला. चाक खाली घेतलं आणि हबच्या डाव्या तोंडाशी मला काळा गुंडा दिसला. केस गुंतून ग्रीसमध्ये भिजावेत तसा. एक्सलला वेढे घालून घालून तो आत शिरला होता. त्यानं बेअरिंगच्या तोंडावरचं रबरी सील कापलं होतं, आणि कापलेल्या जागेतून आमच्या रस्त्यांवरचं भरतीचं खारं पाणी आत जात राहिलं होतं. बेअरिंग गंजून तांबडं झालं होतं. मी चिमट्यानं गुंडा ओढला तर दोरा निघायलाच लागला, निघतोय, निघतोय. त्याच्यात वाळून काळा पडलेला फुलाचा एक देठ अडकलेला होता.

"बघा, कुणीतरी काय अडकवलंय," असं म्हणत मी तो कचऱ्यात टाकणार होतो. काकांनी हात पुढे केला. पेट्रोलच्या डब्यात बुचकळून त्यांनी दोरा पुसला. आतून हिरवा रंग निघाला. तंगूस होता, जाळं विणायचा नायलॉनचा दोरा. कुजत नाही, तुटत नाही, हातानं ओढला तर बोट कापतो. काकांनी तो बोटांवरून सरकवत नेला आणि एका गाठीशी थांबले.

"ही गोजराची गाठ," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी मान वर करून माझ्या शटरकडे बघितलं. गेल्या दसऱ्याच्या माळेतली फुलं कधीच झडून गेली होती आणि खिळ्याला हिरवा दोरा अजून लोंबत होता. तशीच गाठ. साऱ्या आळीच्या माळा तुटत का नाहीत, ते मला तेव्हा समजलं. काकी माळा तंगुसात ओवत होती.

गेल्या दसऱ्याला हितेशच्या गाडीला तिनं सगळ्यांत लांब माळ घातली होती, हँडलपासून दिव्यावरून खाली मडगार्डापर्यंत. पूजेची माळ हातानं काढायची नाही, आपोआप गळू द्यायची, असंही तिनं बजावलं होतं. पोरगं आईचं ऐकणारं होतं. फुलं गळाली, दोरा राहिला, आणि एक टोक चाकानं ओढून घेतलं.

काका जमिनीवर बसले. तो दोरा त्यांनी मुठीत धरला. मी म्हटलं, "काका, ह्यानं आवाज येतो. ह्यानं गाडी पडतेच असं नाही. चाकाला थोडा खेळ होता, जरा डगमगत होतं, पण रेतीत नवं चाकसुद्धा सरकतं." मी खोटं बोलत नव्हतो. पण शपथेवर विचाराल तर चाकाचा खेळ त्याला नडला नाही, असंही मला सांगता येणार नाही. आजही येत नाही.

"तिला सांगायचा नाय," काका म्हणाले.

"मग काय सांगणार?"

"खरा हाय ताच सांगनार. आवाज व्हता. पोऱ्या दावायला येत व्हता. मी थांबवला. थांबवला नसता तं ह्यो दोरा तू त्याच दिशी काढला असतास. काढला असतास का नाय?"

"काढला असता," मी म्हणालो. चाक उतरवून दोरा काढणं म्हणजे चहा होईस्तोवरचं काम.

"मंग झाला तर." ते उठले. दोरा त्यांनी खिशात घातला. "ती येवढा उचलंल काय? ती मरंल रं."

मला त्या माणसाचा राग आला. खरंच आला. वाटलं, ओरडून सांगावं की इतके महिने भिंतीशी बोलल्यासारखी ती तुमच्याशी वागली, निदान निम्मं तरी तिच्या पदरात घाला. पण मी नवं बेअरिंग बसवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोजराकाकी गॅरेजवर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "कुलदीप, तू सांग. ते बोलतान खरा का खोटा, मना ठाव नाय. काय व्हता चाकात?"

"बेअरिंग गेलं होतं, काकी. गंजून."

"हितेशनं दावला असता तं?"

"झालं असतं लगेच."

ती भिंतीला टेकली. पदर तोंडाला लावला आणि आवाज न करता रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आत पानी कसा जेला पन? नवी गारी व्हती."

शटरवरचा तो हिरवा दोरा मी काढायचा विसरलो होतो. तो अगदी तिच्या डोक्यावर लोंबत होता. तिनं मान वर केली असती तर तिला तिचीच गाठ दिसली असती.

"रस्ताच तसा आहे आपला," मी म्हणालो. "खारं पाणी काय, कुठूनही जातं."

"हां," ती म्हणाली. "ता हाय." आणि गेली. ती वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मी स्टुलावर चढून तो दोरा कापून काढला.

त्यानंतर घरात काय झालं ते मला काकांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पहिले काही दिवस ती आणखीच गप्प झाली. काकांनी आपली चूक कबूल केली होती ना, आता तिला भांडायलाही काही उरलं नाही. मग गणपतीत सुचिता आली तेव्हा ती लेकीला म्हणाली, "तुजा बापूस निदान खोटा तरी नाय बोल्ला." नंतर म्हणे एकदा ताट वाढल्यावर दाराकडे न बघता ताटाकडे बघून बोलली. काका मला हे सांगायचे ते असे, की जणू भाताला लोंबी धरलीय. मी हूं हूं करायचो आणि पाना शोधत बसायचो. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवायचं नाही.

दसऱ्याला सकाळी गॅरेजच्या दारात गर्दी असते. जो तो गाडी धुवायला येतो, हवा भरून घेतो. त्या वर्षी माझ्या शटरला मी बाजारातली माळ लावली होती, सुती दोऱ्याची. गर्दी ओसरल्यावर काका आले. गाडी हळू, अगदी चालीनं चालवत आणली होती. गाडीला झेंडूची माळ होती. हँडलपासून दिव्यावरून खाली मडगार्डापर्यंत. चाक फिरत होतं आणि माळेचं टोक त्याच्या अगदी जवळ हलत होतं.

"तिनं बांधली," काका म्हणाले. "सोता बांधली. आन मना बोल्ली, सांभालून जावा." ते हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. साठी उलटलेला माणूस भर रस्त्यात, दसऱ्याच्या दिवशी, मडगार्डाला धरून रडत होता. येणारे-जाणारे बघत होते.

मी बसून माळ चाचपली. फुलांच्या आतून हिरवा दोरा हाताला लागला. मी कटर उचलला. काकांनी माझं मनगट धरलं.

"कापू नको. ती गाठ ओलखते तिची. संध्याकाली ती बगंल."

"काका, अहो, हीच ना ती..."

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "कापू नको."

मग आम्ही दोघांनी मिळून ती माळ वर उचलली. जुन्या ट्यूबची पट्टी कापून मी तिची लोंबणारी टोकं हँडलला आवळून बांधली, चाकापासून लांब. दोऱ्याला धक्का लावला नाही. एकही फूल पडू दिलं नाही. काका दोनदा वाकून बघून खात्री करून घेऊन यार्डाकडे गेले.

संध्याकाळी सोनं वाटायला मी त्यांच्या आळीकडे निघालो होतो. वळणावर काका दिसले. गाडी बंद करून ते खाली उतरले होते. वाकून त्यांनी रबरी पट्टी सोडली, खिशात घातली, आणि माळ सकाळी काकीनं सोडली होती तशी खाली मडगार्डापर्यंत सोडून नीट सारखी केली. पुढं त्यांचं घर दिसत होतं. काकी ओट्यावर येऊन उभी होती.

काकांनी गाडी सुरू केली नाही. हँडलला दोन्ही हातांनी धरून, डोळे पुढच्या चाकावर ठेवून, ते ती ढकलत घरी घेऊन गेले.